वाफ उतरेपर्यंत

१३ नोव्हेंबर २०१३, वरठी

रुखमाचा उजवा हात मोडला.

काल सकाळी नळाच्या ओट्यावर पाय घसरला आणि ती हातावर पडली. भंडाऱ्याला नेलं, फोटो काढला. मनगटाचं हाड दोन जागी तुटलं आहे. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले, "ओझं नाही, पाण्यात हात नाही, स्वयंपाक नाही." शेवटचं ऐकून रुखमानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हात माझाच मोडला.

ही डायरी मला कारखान्यातल्या सोबत्यांनी निरोपाच्या दिवशी दिली. मागच्या वर्षीची आहे, कोणाच्या तरी कपाटात कोरी पडली असावी. तारखा खोडून लिहितो. एकतीस वर्षं फिटर होतो, पाळी संपताना रजिस्टरात चार ओळी लिहायची सवय. रिटायर होऊन तेरा दिवस झाले. लिहायला कारण पाहिजे होतं, पण असं नको होतं.

संध्याकाळी शेजारच्या शकुनबाईनं भात आणि भाजी आणून दिली. उद्यापासून मीच रांधणार, असं तिला सांगितलं. आतून रुखमाच्या हसण्याचा आवाज आला.

१४ नोव्हेंबर

डाळ शिजत नाही. सकाळी आठला गंजात ठेवली, दहाला दाणे तसेच. पाणी टाकत गेलो, ती वरून पातळ आणि खालून करपली. रुखमा म्हणाली, "आच बारीक ठेवा लागते, अन् दोन घंटे धीर धरा लागते." मला ते जमत नाही.

घरी कुकर नाही. होता, २००१ पर्यंत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रुखमानं वाफ उतरायच्या आधीच झाकण फिरवलं. झाकण उडालं आणि उकळती डाळ तिच्या डाव्या हातावर आणि गळ्याजवळ आली. सतरा दिवस दवाखान्यात होती. हातावर डाग अजून आहे. मुळात ती घाईची बाई नाही, त्या सकाळी तिला काय झालं कोणास ठाऊक. मी जनरल पाळीला निघालो होतो, डबा व्हायचा होता, दारात सायकल घेऊन उभा होतो. दवाखान्यात तिला भरती केलं, परत आलो आणि आधी तो कुकर भंगारात देऊन टाकला. कोणी डागाबद्दल विचारलं की मी सांगतो, बाईनं घाई केली. रुखमा काही बोलत नाही. तेव्हापासून बारा वर्षं तिनं गंजातच डाळ शिजवली.

१७ नोव्हेंबर, रविवार

प्रतिक्षा आली. माझी एकुलती एक पोरगी, नागपुरात एका दवाखान्यात नर्स आहे. आल्या आल्या आईचा हात पाहिला, बोटं हलवून घेतली, मग पिशवीतून कुकर काढून ओट्यावर ठेवला. तिच्या खोलीवरचा, पाच लिटरचा.

मी म्हणालो, "तुझ्या आईले चालन का?"

"आईले नाही बाबा, तुमाले चालवाचा आहे. या इकडं."

तिनं मला पोरासारखं समोर उभं केलं. झाकण उलटं करून हातात दिलं आणि दाराकडे तोंड करायला लावलं. "या नळीतून आभाळ दिसते का?"

"दिसते."

"रोज पाहाचं. दिसलं नाही त सुई घालून साफ कराची, नाही त कुकर लावाचाच नाही." मग रबर काढून दाखवलं, कुठं चिरलं आहे का ते बोटानं चाचपायला लावलं. डाळ आणि पाणी मिळून अर्ध्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण डाळीला फेस येतो आणि तो वर चढून नळीत बसतो. म्हणून एक चमचा तेल. पहिली शिट्टी मोठ्या गॅसवर, मग गॅस बारीक.

"अन् बंद केल्यावर?" मी विचारलं.

"बंद केल्यावर तुमी काहीच नाही कराचं. बसाचं. वाफ आपल्या मनानं उतरते. झाकण बोटानं फिरलं त उघडा. जोर लावा लागला त समजा, आत वाफ आहे, अन् हात काढून घ्या. अन् ओरडाचं नाही."

"कुकरवर कोण ओरडते?"

ती गॅसकडे पाहत होती. "मी सांगून ठेवून राहिली. ओरडाचं नाही."

पोरगी शिकली की बापाला शिकवायची हौस येते.

एक गोष्ट नवलाची वाटली. मला वाटलं होतं, शिट्टी झाली की रुखमा दचकेल. पण ती कुकरच्या बाजूलाच पाटावर बसून डाव्या हातानं सांभाराची जुडी निवडत होती. तीन शिट्ट्या झाल्या, तिनं मान वर केली नाही.

१८ नोव्हेंबर

पहिल्यांदा एकट्यानं कुकर लावला. मी झाकण बसवलं आणि रुखमा उठून शकुनबाईकडे गेली. काल पोरीजवळ बसली होती, आज माझ्याजवळ नाही. माझ्या हातावर तिचा भरवसा नसावा.

भरवसा नव्हता ते बरंच झालं. डाळ अर्ध्याच्या वर गेली होती, मला वाटलं थोड्यानं काय होते. दुसऱ्या शिट्टीला नळीतून पिवळी कारंजी सुटली. भिंत, डब्यांची फळी, कॅलेंडर, सगळीकडे वरण. गॅस बंद केला आणि फडकं घेऊन पुसत बसलो. रुखमा परत आली, उंबऱ्यावर उभी राहून पाहिलं, आणि मग तिथंच खाली बसून हसायला लागली. डाव्या हातानं पदर डोळ्याला लावून हसली. म्हणाली, "अजी, भिताडाले जेवू घातलं, आता मले घाला."

किती दिवसांनी तिला अशी हसताना पाहिली, ते आठवून पाहिलं. आठवलं नाही.

२१ नोव्हेंबर

भाताचा गोळा झाला. चमच्यानं कापून वाढला. रुखमानं मुकाट्यानं खाल्ला आणि पाणी मागितलं.

सकाळी तिची वेणी घातली. शकुनबाई घालून देते म्हणाली होती, पण तिच्या घरी पाहुणे आले आहेत. तीन पदर, एकावर एक. दोर वळायचं काम मी कारखान्यात केलेलं आहे, तरी पहिल्यांदा पदर सुटले. "वढू नका," ती म्हणाली. "वढून नाही राहिलो," मी म्हणालो. तिचे केस आता पातळ झाले आहेत. मानेजवळ, केसांच्या खाली, डागाचं टोक आहे. ते तिथपर्यंत गेलं आहे हे मला माहीत नव्हतं.

२६ नोव्हेंबर

आता हात बसला. डाळीला एक मोठी आणि तीन बारीक शिट्ट्या, भाताला दोन, चण्याला रात्री भिजवून पाच. रोज सकाळी झाकण आभाळाकडे धरतो, रबर धुतो. शकुनबाई म्हणाली, भाऊजी त बायकाईच्या वरतं गेले.

एकच जमत नाही. वाफ उतरायला अकरा मिनिटं लागतात आणि ती माझ्यानं निघत नाहीत. कारखान्यात मी रिकामा थांबलो नाही, दुसऱ्याला थांबवलं नाही. इथं स्वयंपाकखोलीत फेऱ्या मारतो. रुखमा त्या वेळात कधीच घरात नसते. आज विचारलं, "बस न आत. तुले भेव लागते का कुकरचं?"

"कुकरचं नाही," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

मग कशाचं, ते विचारणार होतो, तेवढ्यात शिट्टी झाली.

२९ नोव्हेंबर

प्रतिक्षाचा फोन आला. आईशी अर्धा तास बोलली, माझ्याशी दोन मिनिटं. लग्नासाठी मुलगा आहे. अनुप मेश्राम, तुमसरजवळ बपेऱ्याच्या शाळेत मास्तर. आई-वडील पवनी तालुक्यात आसगावला धानाची शेती करतात. त्यांना घर पाहायचं आहे, पंधरा तारखेला येतात. तोपर्यंत प्लास्टर निघणार नाही.

"जेवाले बोलवलं का?" मी विचारलं.

"हाव," रुखमा म्हणाली. "सांगतलं, प्रतिक्षाचे बाबा रांधतात."

३ डिसेंबर

आज काय झालं ते नीट लिहितो. 

अकराला डॉक्टरकडे प्लास्टर दाखवायला जायचं होतं. साडेनऊला चौकातून भंडाऱ्याची काळीपिवळी जीप निघते. त्याआधी डाळ होऊन जाईल म्हणून साडेआठला लाखोरीची डाळ लावली. झाकण उजेडात धरलं नाही. खरं लिहायचं तर आठवण झाली होती, आणि एक दिवस नाही पाहिलं तर काय होते, असं म्हणून तसंच लावलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली, शिट्टी नाही. आधी कुकर घुमत होता, मग तो आवाजही बंद झाला. मला वाटलं गॅस कमी पडतो. अजून मोठा केला. रुखमा आज शकुनबाईकडे गेली नव्हती, जायला तयार होऊन आंगणात बाजेवर बसली होती. नऊ वाजले. मी चिमट्यानं शिट्टी उचलून पाहिली. वाफ नाही. फुस्स म्हणूनही नाही. म्हटलं, रबर बसलं नाही, वाफ धरलीच नाही, झाकण काढून पुन्हा लावू. दांड्याला हात घातला. दांडा फिरेना. मग दुसराही हात लावला.

"अजी! सोडा ते!"

रुखमा दारात होती. तिचा असा आवाज मी बारा वर्षांत ऐकला नव्हता. माझे हात आपोआप सुटले.

"गॅस बंद आहे का?"

बंद नव्हता. मी तो चालूच ठेवून झाकण ओढत होतो.

"लांबून बंद करा. मांगं व्हा. बाहेर या." तिनं डाव्या हातानं माझ्या सदऱ्याची बाही धरली आणि मला आंगणात ओढत आणलं. बाजेवर बसवलं आणि स्वतः माझ्या आणि दाराच्या मध्ये बसली.

"नळीत डाळ अडकली," ती म्हणाली. "म्हणून शिट्टी नाही, म्हणून उचलली तरी वाफ नाही. आत भरली आहे सगळी."

तेव्हा मला समजलं. एकतीस वर्षं मी वाफेच्या लाइनी दुरुस्त केल्या. आत दाब असताना मी कधी एक बोल्ट ढिला केला नाही. दुसऱ्यानं केला असता तर त्याला पाळीवरून घरी पाठवलं असतं. आणि घरच्या डाळीला मी दोन्ही हात लावले. चेहरा झाकणाच्या वर होता.

चौकातून काळीपिवळीचा हॉर्न आला. मी उठलो.

"बसा," रुखमा म्हणाली.

"गाडी चालली."

"जाऊ द्या. उद्या जाऊ. आता घंटाभर त्या खोलीत पाय नाही टाकाचा."

बसलो. ऊन आंगणात आलं होतं. थोड्या वेळानं मी विचारलं, "तुले बाहेर बसून कसं समजलं?"

"तुमचे पाय आयकून राहिली होती मी. तुमी लवकर लवकर चालाले लागले का मले समजते, आता काई तरी होते." ती प्लास्टरवरचा धागा ओढत होती. "त्या दिवशीबी असेच चालून राहिले होते दारात."

"कोणत्या दिवशी?"

तिनं डावा हात नुसता थोडा पुढं केला.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी काय केलं? मी त बाहेर होतो."

"किती खेपा ओरडले, आठवते का?"

"ओरडलो नाही. एखादी हाक मारली असन."

"तीन खेपा," रुखमा म्हणाली. दूधवाला येऊन गेला हे सांगावं तसं सांगत होती. "पहिल्यांदा म्हटलं, डबा झाला का. दुसऱ्यांदा म्हटलं, आज उशीर झाला त पाहून घेतो. मंग सायकलची घंटी वाजवली, अन् वाजवतच राहिले. कुकर सूं सूं करून राहिला होता. वाफ आहे ते मले दिसत होतं, मी काई आंधळी नव्हती. पण अजून एक मिनिट गेला असता त तुमी आत आले असते. पोरगी समोर उभी होती, शाळेचा ड्रेस घालून."

"मी तुले कधी मारलं नाही, रुखमा."

"हाव, मारलं नाही. पण तुमी आत आले का आमी दोघी भिताडाले चिकटून उभ्या राहत जाव. म्हणून म्हटलं, उघडून टाकू."

 समोर शकुनबाईची कोंबडी आली, बाजेखाली गेली, निघून गेली. मग म्हणालो, "बारा वर्षं मी लोकाईले सांगून राहिलो का तू घाई केली. तू काहून नाही बोलली?"

"तुमी इतक्या लवकर सांगून टाकता, का मधात बोलाले जागाच नाही राहत." आणि ती थोडी हसली. मला हसता आलं नाही.

सव्वादहाला ती उठून आत गेली. माझ्या आधी तीच गेली. कुकर थंड झाला होता. मग मला बोलावलं. दांडा एका बोटानं फिरला. नळीत लाखोरीचं साल आणि डाळीचा घट्ट गोळा बसला होता, बूच मारल्यासारखा. सुईनं काढला, राखेनं घासला, तीनदा उजेडात धरून पाहिलं. डाळीचा पार लगदा झाला होता. तोच भातावर घेऊन अकरा वाजता जेवलो.

ओरडलेलं मला आठवत नाही. लपवत नाही, खरंच आठवत नाही. घंटी आठवते.

६ डिसेंबर

सकाळी दोघं विहारात गेलो. मेणबत्ती लावली, वंदना झाली. बाहेर पायरीवर बायका रुखमाच्या प्लास्टरची विचारपूस करत होत्या. शकुनबाई एकीला सांगत होती, "या बाईच्या हाताले काई सुखच नाही. मागंबी कुकर अंगावर उडवून घेतला होता, घाईत."

मी चप्पल शोधत बाजूलाच होतो. दोन शब्द बोलायचे होते. तोंडापर्यंत आले, पण पुढं गेले नाहीत. इतकी माणसं होती, सगळी ओळखीची, कारखान्यातली, त्यांच्या बायका. रुखमानं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला समजलं.

बापमाणूस म्हणून आज या वस्तीत मला मान आहे. तो मान कशाचा आहे, याचा घरी येईपर्यंत विचार करत होतो.

१० डिसेंबर

प्रतिक्षाला फोन केला. इकडचं तिकडचं बोललो. मग विचारलं, "आईचा हात जळला तवा तू बारा वर्षांची होती. तुले आठवते का?"

तिकडं दार लावल्याचा आवाज आला. 

"हो बाबा. सगळं आठवते."

"कधी बोलली नाही."

"बोलली न. मागच्या महिन्यात. म्हटलं होतं, ओरडाचं नाही."

ना तिनं फोन ठेवला, ना मी. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "डाळीत तेल टाकता न, बाबा?"

"टाकतो," मी म्हणालो.

१५ डिसेंबर, रविवार

पाहुणे येऊन गेले. दमलो आहे, पण आजचं आजच लिहिलं पाहिजे.

पहाटेपासून कामाला लागलो. प्रतिक्षा कालच आली होती, भाजी तिनं केली, पोळ्या शकुनबाईनं. भात आणि वरण माझ्याकडे. वरणासाठी कुकर दोनदा लावला, एकदाच जास्त भरायचा मोह झाला होता, पण नाही भरला.

साडेअकराला मेश्राम मंडळी आली. अनुपचे वडील सुखराम, उंच, कमी बोलणारे. आई सुलोचनाबाई, डोळा सगळीकडे. अनुप सावळा, सडपातळ, मला वाकून जयभीम केला आणि लगेच पाण्याचा जग उचलून सगळ्यांना पाणी द्यायला लागला. मला तो आवडला.

पानं वाढली. रुखमा डाव्या हातानं पापड वाढत होती, पदर सरकला, आणि सुलोचनाबाईला डाग दिसला.

"हे काय झालं होतं, बाई?"

पोळ्या घेऊन उभी असलेली शकुनबाई लगेच म्हणाली, "ते जुनं आहे. कुकर उडाला होता. घाई केली अन्..."

प्रतिक्षानं मान खाली घातली. तिच्या हातातला डाव वरणाच्या गंजात तसाच राहिला. तेव्हा मला दिसलं की, ही पोरगी हे ऐकताना दर वेळी अशीच मान खाली घालत असेल. मी कधी पाहिलं नाही.

"घाई माझी होती," मी म्हणालो.

सगळ्यांचे हात थांबले. मग थांबता आलं नाही, पूर्ण सांगितलं. मी दारात सायकल घेऊन उभा होतो. डब्यासाठी ओरडत होतो, घंटी वाजवत होतो. वाफ आहे हे तिला दिसत होतं. मी आत येईन या भेवानं तिनं झाकण उघडलं. आणि बारा वर्षं मी तिचंच नाव घेत राहिलो.

सांगून झालं आणि वाटलं, संपलं. पोरीची सोयरीक माझ्या हातानं मोडली. असल्या बापाच्या घरची पोरगी कोण करेल. सुखरामजी ताटाकडे पाहत होते. शकुनबाई पोळ्या हातात धरूनच होती.

सुलोचनाबाईनं मला नाही, रुखमाला विचारलं, "अन् आता?"

रुखमानं उरलेला पापड सुखरामजींच्या ताटात ठेवला. म्हणाली, "आता तेच रांधतात. आजचं वरण त्याईच्या हातचं आहे. घ्या, थंडं होऊन राहिलं."

सुखरामजींनी घास घेतला, चावला, आणि म्हणाले, "चांगलं शिजलं." मग वाटी पुढं केली. प्रतिक्षानं वाढलं.

अनुप माझ्या बाजूला बसला होता. हळूच विचारलं, "बाबा, किती शिट्ट्या?"

"एक मोठ्या गॅसवर, तीन बारीकवर," मी म्हणालो. "मंग गॅस बंद करून बसाचं. कोणी कितीबी हाका मारल्या तरी उठाचं नाही."

"अन् हाका माराच्याच नाही," सुलोचनाबाई आपल्या पोराकडे पाहून म्हणाली.

निघताना त्यांनी सांगितलं, उन्हाळ्यात शाळेला सुट्ट्या लागल्या की लग्न करू. प्रतिक्षा गाडीपर्यंत गेली. परत आली ती सरळ माझ्याकडे, आणि लहान असताना करायची तसं माझ्या खांद्याला डोकं टेकवून उभी राहिली.  मग म्हणाली, "बाबा, तुमच्या अंगाले वरणाचा वास येते."

२४ डिसेंबर

प्लास्टर काढलं. हात बारीक झाला आहे, चामडी सुकून निघते. रुखमानं बोटं मिटून उघडून पाहिली आणि डॉक्टरसमोरच माझं बोट धरून दाबलं. "जोर नाही का?" डॉक्टरांनी विचारलं. "नाही जी," ती म्हणाली. दुखलं मात्र मला.

डॉक्टर म्हणाले, हळूहळू कामं करू द्या.

२९ डिसेंबर

आज रुखमानं कुकर लावला, बारा वर्षांत पहिल्यांदा. तुरीची डाळ धुतली, पाणी मोजलं, तेल टाकलं. मी आंगणात पेपर वाचत होतो.

"अजी, या न इकडं. हे झाकण माझ्यानं लागून नाही राहिलं."

गेलो, लावून दिलं. परत निघालो तर म्हणाली, "कुठं चालले? उघडून बी द्या लागन न." म्हणून पाटावर बसलो. ती वालाच्या शेंगा सोलत होती, अर्ध्या माझ्यासमोर सारल्या. शिट्ट्या झाल्या. गॅस मीच बंद केला. मग दोघं बोलत बसलो, अनुपच्या शाळेत किती पोरं आहेत, आसगावचं धान कसं झालं असेल, लग्नाला कोणाकोणाला बोलवायचं. वाफ उतरायला किती वेळ लागला, ते आज पाहिलंच नाही. शेंगा संपल्या तेव्हा तिनं आठवण केली. झाकण उघडून दिलं.

रोज असंच करायचं ठरलं आहे. तिच्या मनगटात अजून जोर नाही, ते मी समजू शकतो.

पण एक गोष्ट डॉक्टरांना विचारायला पाहिजे. आज सकाळी नळावरून भरलेली बादली तिनं त्याच हातानं उचलून आणली, मोरीपर्यंत, एक थेंब न सांडता. बादली उचलता येते आणि कुकरचं झाकण लावता येत नाही, हे कोणत्या हाडाचं दुखणं आहे, मला समजलं नाही.